अपूर्णांकांचा लहानमोठेपणा : भरतीच्या पाण्यावरून एक पाठ

इयत्ता पाचवीच्या वर्गात फळ्यावर १/३ व १/४ हे दोन अपूर्णांक लिहावेत आणि यांपैकी मोठा कोणता, असे विचारावे. वर्ग मांडव्याचा असो, सासवण्याचा असो की घाटमाथ्यावरचा असो, १/४ च्या बाजूने बरेच हात वर येतात. कारण विचारले तर उत्तर तयार असते : तिनापेक्षा चार मोठे.

ह्या उत्तराचा शिक्षकास राग येणे स्वाभाविक आहे. परंतु क्षणभर त्या मुलाच्या जागी बसून पाहावे. पहिलीपासून चार वर्षे त्याला हेच शिकविण्यात आले आहे की चार हे तिनाहून मोठे, पाच हे चाराहून मोठे. ते त्याने मन लावून शिकले, त्यावर गुण मिळविले. आज तेच ज्ञान त्याने नव्या ठिकाणी लावले, इतकेच. मुलगा विचार करीत नाही असे नव्हे. तो विचार करतो, पण ज्या वस्तूविषयी विचार करावयाचा ती वस्तूच त्याच्या डोळ्यांपुढे नाही. त्याला दिसतात ते एका आडव्या रेघेच्या वर-खाली लिहिलेले दोन आकडे.

ह्यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे तिरका गुणाकार. पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणावा, दुसऱ्याचा अंश पहिल्याच्या छेदाने गुणावा, आणि ज्या अंशाचा गुणाकार मोठा तो अपूर्णांक मोठा म्हणावा. एका तासिकेत वर्ग हे शिकतो व चाचणीत उत्तरेही बरोबर लिहितो. पंधरा दिवसांनी मात्र कोणता गुणाकार कोणत्या बाजूचा, हे मुले विसरतात, आणि उत्तर उलटे आले तरी त्यांना खटकत नाही. खटकावे असे त्यांच्याजवळ काही नसतेच. १/३ म्हणजे केवढे, याचे चित्र मनात उमटण्यापूर्वीच रीत हाती आलेली असते.

हे दुखणे केवळ खेड्यातील शाळांचे आहे असेही नाही. अमेरिकेत १९७८ साली घेतलेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजाने सांगावयास सांगितली होती. निवडीसाठी १, २, १९ व २१ ही उत्तरे पुढे ठेविली होती. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, तेव्हा बेरीज दोनाच्या आसपास असणार, हे पाटीवर काहीही न मांडता कळावे. अवघ्या २४ टक्के मुलांनी २ हे उत्तर निवडले. अर्ध्याहून अधिक मुले १९ किंवा २१ कडे गेली. अंशात अंश मिळविला की १९ येतात, छेदात छेद मिळविला की २१.

तेव्हा प्रथम अपूर्णांकाचे मोठेपण मुलास दिसले पाहिजे, रीत त्यानंतर. ह्या कामी मराठी भाषा शिक्षकाच्या मदतीस उभी आहे, आणि तिचा उपयोग वर्गात फारच थोडा केला जातो. वर्गात '३/४' हे 'तीन छेद चार' असे वाचले जाते. त्यात वावगे काही नाही, पण त्या वाचनाने कानावर पुन्हा दोन वेगळे आकडेच पडतात. 'तीन चतुर्थांश' म्हटले तर निदान 'चतुर्थांश नावाची वस्तू, आणि अशा तीन' हा अर्थ उभा राहतो. आणि 'पाऊण' म्हटले तर एकच राशी डोळ्यांपुढे येते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मुलाला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ठाऊक असतात. पावशेर दूध आणि अर्धा शेर दूध यांत अधिक कोणते, हे ज्या काळी शेर चालत असे त्या काळी कोणास शिकवावे लागत नव्हते. आज पाव किलो व अर्धा किलो यांविषयीही शिकवावे लागत नाही.

'पाऊण' हा शब्द तर शिक्षकाने मुद्दाम उलगडून दाखवावा. मूळ शब्द 'पादोन' : पाद म्हणजे चौथा भाग, ऊन म्हणजे कमी. पूर्णाला पाव कमी ते पाऊण. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, हेही त्याच घराण्यातले. 'पूर्ण होण्यास किती कमी' ह्या बाजूने संख्या पाहण्याची सवय मराठी मुलाच्या जिभेवर आयतीच आहे. अपूर्णांकांच्या तुलनेत ही सवय किती कामास येते, ते पुढे दिसेल. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे घोकून घेत. ते पुन्हा सुरू करावेत असे येथे सुचवावयाचे नाही. पण पाऊणकी किनाऱ्यावर अजून जिवंत आहे, आणि तेथूनच प्रस्तुत पाठाची सुरुवात करता येते.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक अंदाजी हिशोब रूढ आहे : तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. मांडव्याच्या मुलांपैकी एखाद्याच्या घरी हा हिशोब निश्चित माहीत असेल. त्यालाच तो वर्गास सांगावयास लावावा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि पुन्हा तितक्याच अवधीने भरती. (नेमके पाहता हा अवधी सहा तासांहून काही मिनिटांनी अधिक असतो, पाठापुरता सहा तासांचा धरावा.) म्हणजे अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते व शाळा चालू असताना पाणी चढू लागते. पाठासाठी तो दिवस सोयीचा.

आता प्रश्न असा विचारावा : सहा तासांत पाणी पूर्ण चढते, तर पहिल्या तासात किती चढेल? सहावा भाग, असे हुशार मुले लगेच म्हणतील. समुद्र तसे करीत नाही. प्रथम तो सावकाश चढतो, मध्ये भराभर चढतो, आणि शेवटी पुन्हा मंदावतो. नौकानयनात यासाठी बारा हिश्शांचा एक ठोकळ नियम वापरतात. संपूर्ण चढाचे बारा समान भाग कल्पावेत. पहिल्या तासात त्यांतील १ भाग पाणी चढते, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. समजा एकूण चढ २४० सेंटिमीटर आहे. पहिल्या तासाअखेर पाणी २० सेंटिमीटर चढलेले असेल, दुसऱ्याअखेर ६०, तिसऱ्याअखेर १२०, चौथ्याअखेर १८०, पाचव्याअखेर २२०, आणि सहाव्याअखेर २४०. मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी येते. खडकावर कालवे काढावयास गेलेली माणसे पाण्याने वेढली जातात ती ह्याच वेळी, हे मुलांना सांगण्याची संधी शिक्षकाने दवडू नये.

ज्यांना शक्य असेल त्यांनी जेट्टीच्या बोटी लागत नसलेल्या बाजूस, बंदरावरील कर्मचाऱ्यांस सांगून, सुतळीला वजन बांधून पाण्याची पातळी तासातासाने मोजावी. मोजणी शिक्षकाने स्वतः करावी. मुलांनी दूर उभे राहून आकडे टिपावेत. नियम ठोकळ असल्यामुळे मोजलेले आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, आणि ते जुळविण्याचा खटाटोपही करू नये. ज्यांना समुद्र दूर त्यांनी फळ्यावरच काम भागवावे.

फळ्यावर २४-२४ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या एकीखाली एक काढाव्यात. मुलांनीही कागदाच्या तशाच पट्ट्या कापाव्यात. वरची पट्टी वेळेची : तिचे सहा समान भाग करावेत. खालची पाण्याची : तिचे बारा. दोन तास झाले. वेळेच्या पट्टीवर २/६, म्हणजे १/३ रंगला. पाण्याच्या पट्टीवर १ आणि २ मिळून ३ भाग, म्हणजे ३/१२, म्हणजेच १/४ रंगला. कोणता रंग पुढे गेला? वेळेचा. वेळेचा तिसरा हिस्सा सरला, पाण्याचा मात्र पावच हिस्सा आला. सुरुवातीस ज्यांनी १/४ साठी हात वर केले होते त्यांना येथे काही सांगावे लागत नाही. ती पट्टीकडे पाहून आपला हात आपणच खाली घेतात.

तीन तासांनी दोन्ही पट्ट्या अर्ध्यावर येतात : ३/६ आणि ६/१२. सममूल्य अपूर्णांक हा जड शब्द येथे सहज उच्चारता येईल. चार तासांनी वेळ २/३ आणि पाणी ३/४. आता पाणी पुढे गेले. अर्ध्यापूर्वी मागे असलेले पाणी अर्ध्यानंतर पुढे कसे गेले, यावर वर्गात बोलणे होऊ द्यावे. कोणी तरी म्हणेलच की वेळेला अजून १/३ उरला आहे आणि पाण्याला १/४ उरला आहे. ज्याला कमी उरले ते पुढे. हे उत्तर आले की शिक्षकाने 'पाऊण' ह्या शब्दाकडे बोट दाखवावे. पाच तासांनी वेळ ५/६ व पाणी ११/१२ : उरले १/६ व १/१२. येथे पट्टीकडे न पाहता उत्तर द्यावयास सांगावे.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. येथे तास आणि पाणी यांची आपसात तुलना चाललेली नाही. दोहोंचा किती भाग पुरा झाला, याची तुलना आहे. म्हणूनच दोन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या घेतल्या. 'पूर्ण' समान नसेल तर अपूर्णांकांची तुलना फसवी होते, आणि हेही समुद्रच दाखवून देतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. समजा उधाणाचा चढ ४०० सेंटिमीटर व भांगाचा २४०. उधाणाचा पाव हिस्सा १०० सेंटिमीटर होतो, भांगाचा तिसरा हिस्सा ८०. मग १/४ हा १/३ हून मोठा ठरला काय? वर्गात येथे थोडा गोंधळ होईल, तो व्हावा. 'पाव, पण कशाचा पाव?' हा प्रश्न मुलांच्या तोंडून निघेपर्यंत शिक्षकाने उत्तर देऊ नये. पुष्कळदा पाठ्यपुस्तकातील चित्रांपेक्षा शिक्षकाने घाईत काढलेली चित्रेच ह्या बाबतीत घात करतात : १/३ साठी लहान वर्तुळ, १/४ साठी मोठे, आणि मुलाला नेमके उलटे दिसते. शिवाय वर्तुळाचे पाच किंवा सात समान भाग हाताने करणे कोणास साधत नाही. पट्टी बरी.

दुसरी एक चूक अशी आहे की तिच्याकडे बहुधा लक्षच जात नाही, कारण ती लपून राहते. २/३ आणि ३/४ यांत मोठा कोणता, असे विचारता काही मुले म्हणतात, दोन्ही सारखे. तिनात दोन, म्हणजे एक कमी; चारात तीन, म्हणजेही एकच कमी. पट्टीने ही समजूत दूर होते, पण भाकरीने अधिक लवकर दूर होते. दोन भाकऱ्या आहेत, तीन मुले वाटून खाणार आहेत. प्रत्येकास २/३ भाकरी. इतक्यात चौथे मूल आले, आणि ते येताना एक अख्खी भाकरी घेऊन आले. आता तीन भाकऱ्या व चार मुले, प्रत्येकास ३/४. पहिल्या तिघांच्या वाट्याला आता अधिक येईल की कमी? नवीन आलेल्याने वाट्यापेक्षा अधिक आणले, तेव्हा सर्वांचा वाटा वाढला. हे सांगताना पाटीवर एकही आकडा लिहावा लागत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी समान वाटणी आणि मापन ह्या दोन्ही बाजूंनी अपूर्णांक शिकविण्याचे काम केलेले आहे. वाटणीचा लाभ असा की मूल घरून न्याय-अन्यायाची जाण घेऊनच येते. वाटा कमी आला तर त्याला कळतेच.

एवढे झाल्यावर समच्छेदाकडे वळावे. आतापर्यंतच्या जोड्या अर्ध्याशी, पूर्णाशी ताडून सोडविता आल्या. आता अशी जोडी द्यावी की जी तशी सुटणार नाही : २/५ आणि ३/८. दोन्ही अर्ध्याहून कमी, दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ. येथे नवीन साधन हवे, ही गरज मुलांना स्वतःस वाटली पाहिजे.

किनाऱ्यावर हे साधन जमिनीच्या रूपाने हाताशी आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एका एकराच्या वाडीत एका भावाचा हिस्सा २/५ आहे, दुसऱ्याचा ३/८, उरलेला बहिणीचा. ४० गुंठ्यांचा पाचवा भाग ८ गुंठे, म्हणून २/५ म्हणजे १६ गुंठे. ४० चा आठवा भाग ५ गुंठे, म्हणून ३/८ म्हणजे १५ गुंठे. पहिल्याचा हिस्सा एका गुंठ्याने अधिक. दोन्ही हिस्से एकाच मापाने मोजले, हेच समच्छेद करणे होय : १६/४० आणि १५/४०. बहिणीचा हिस्सा किती, हे मुले न विचारताच काढतील.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मांडवा-अलिबागच्या बाजूस एवढ्या जागेचे मोल काय आहे, ते मुलांच्या घरी शिक्षकापेक्षाही चांगले ठाऊक असते. वाटणीपत्रावर अंगठा उठविणाऱ्या वा सही करणाऱ्या माणसास ३/८ व २/५ यांतील अंतर कळत नसेल, तर त्याची फसवणूक करण्यास फार मोठ्या लबाडीची गरज लागत नाही. 'पाचापेक्षा आठ मोठे, तुलाच जास्त दिले' एवढे बोलणे पुरते. जाता जाता एक गंमतही सांगावी. जमिनीचा उतारा '७/१२' असा लिहितात, आणि तो बारांपैकी सात असा अपूर्णांक आहे असे काही मुलांना वाटते. तो अपूर्णांक नव्हे. गाव नमुना सात हा हक्काच्या नोंदीचा आणि गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही एकत्र म्हणून सातबारा. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, पण गावच्या बोलण्यात गुंठाच चालतो.

गुंठाच का, आणा का नको, असाही प्रश्न विचारून पाहावा. जुन्या कागदांत हिस्से आणे-पैंत लिहिलेले आढळतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे आणा व्यवहारातून गेला, तरी 'सोळा आणे खरे' हे बोलणे राहिले आहे. ३/८ म्हणजे सहा आणे, हे नेमके निघते. २/५ काढू गेले तर सहा आणे आणि वर चार पै, आणि तरी थोडे उरतेच. सोळाला पाचाने पुरा भाग जात नाही, म्हणून ते माप ह्या जोडीस जुळत नाही. चाळीसला पाच व आठ ह्या दोहोंनी भाग जातो, म्हणून ते जुळते. दोन्ही छेदांनी ज्याला पुरा भाग जातो असे माप शोधावयाचे, आणि दुसरे काही न सुचल्यास छेदांचा गुणाकार घ्यावयाचा. समच्छेदाची रीत ती हीच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ह्या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात ती ह्याच नावाने आली आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे.

आता तिरका गुणाकार दाखविण्यास हरकत नाही. २ गुणिले ८ बरोबर १६, आणि ३ गुणिले ५ बरोबर १५. हे १६ आणि १५ कोठून आले? हेच ते गुंठे. तिरका गुणाकार म्हणजे समच्छेद करून छेद न लिहिणे. हे ज्या मुलाने एकदा पाहिले त्याला कोणता गुणाकार कोणाचा, हे पाठ करावे लागत नाही. १६ हे २/५ चे गुंठे आहेत हे त्याच्या ध्यानात राहते.

हा सर्व भाग एका तासिकेत आटोपण्याचा प्रयत्न करू नये. पट्ट्यांस दोन तासिका, भाकरीस एक, गुंठ्यांस दोन लागतील. जोड्या देताना त्यांचे प्रकार मिसळून द्यावेत, एकाच प्रकारच्या दहा नव्हेत. नाहीतर 'छेद मोठा तो लहान' एवढेच धरून मुले ५/६ हा २/३ हून लहान ठरवितात, आणि पहिली चूक उलट्या दिशेने परत येते. प्रत्येक उत्तरास 'कशावरून?' हा प्रश्न जोडावा, उत्तर बरोबर असले तरीही. ज्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो तेथे पट्ट्यांचे काम चौथी व पाचवीने एकत्र करण्यास अडचण नाही.

शेवटच्या दिवशी एक प्रश्न मोकळा सोडावा : ३/८ हून मोठा आणि २/५ हून लहान असा अपूर्णांक आहे काय? पंधरा आणि सोळा यांच्यामध्ये पूर्ण संख्या नाही, म्हणून प्रथम 'नाही' असे उत्तर येईल. थोडा वेळ थांबल्यास कोणी तरी 'साडेपंधरा गुंठे' म्हणेल. तो हिस्सा अपूर्णांकात लिहावयास सांगावे. ३१/८० पर्यंत पोचण्यास मुलांस पाटीभर जागा आणि बराच वेळ लागतो, तो द्यावा.